उबेची भिंत

अण्णांनी धुतलेल्या धोतराची चार पदरी घडी केली, भिंतीला लावली आणि तिच्यावर दोन्ही तळहात दाबून उभे राहिले. मी बाजेवर पडून बघत होते. माझ्या कुशीत माझी मुलगी झोपली होती, अजून नाव नसलेली, मुठी मिटलेली. भिंतीच्या पलीकडे अण्णांची भट्टी धडधडत होती आणि अलीकडे माझं डोकं.

"अण्णा, हात पोळतील."

"पोळत न्हाईत. कोमट हाय नुसती. हातभर जाड भिंत हाय ही, माझ्या हातची."

बऱ्याच वेळानं त्यांनी धोतर काढलं, दारातल्या उजेडात नेलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढं धरलं.

"बघ. हाय कुठं डाग?"

डाग नव्हता. पांढरं शुभ्र धोतर, निळीची छटासुद्धा हलली नव्हती.

"सुईएवढी भेग असली तरी कापडावर काळं उमटतंय. भट्टीचा धूर हाय तो, चेष्टा न्हाई. वास घेऊन बघ."

मी वास घेतला. उन्हात वाळलेल्या कापडाचा वास आला, दुसरा कसलाही नाही.

"मग माझं डोकं का हो दुखतंय?"

बाळंतिणीचं डोकं हा बायकांचा विषय. अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला इचार," आणि धोतर खांद्यावर टाकून निघून गेले. थोडे दुखावले होते. मी त्यांच्या भिंतीवर संशय घेतला होता, आणि तो त्यांना कुणी चोर म्हटल्यासारखा लागला होता.

आमचा कुंभारवाडा नदीच्या मळीला लागून होता. बाकीची घरं मडकी, रांजण, चुली करायची आणि ती उघड्यावर, आवा रचून भाजायची. अण्णांनी मात्र कौलं करायची म्हणून विटांची बांधीव भट्टी उभारली होती. तिला उंच धुराडं होतं आणि धुराड्यावर ओढायला जाड पत्र्याचं झाकण. भट्टीच्या मागच्या भिंतीला जोडून एक खोली काढली होती, पावसाळी दिवसांत कच्ची कौलं वाळवायला. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ती नेमकी पौषात. नदीवरचं वारं अंगात शिरायचं. अण्णांनी ती खोली रिकामी केली, स्वतः सारवली, खिडकीत पोतं कोंबलं आणि आईला म्हणाले, "शेगडी नको, निखारा नको, धुरानं लेकराचे डोळे जातील. माझी भट्टी शेकील पोरीला."

आणि खरंच शेकत होती. बाहेर लोक शेकोटीला चिकटून बसायचे आणि माझ्या खोलीत घोंगडीसुद्धा लागायची नाही. गावातल्या बायका बाळ बघायला येत, भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसत आणि उठायचं नाव घेत नसत. "बापानं लेकीला राजवाडा बांधला गं," असं म्हणत. मला ते ऐकायला फार आवडायचं. सासरी माझी खोली म्हणजे जिन्याखालची जागा होती, उभं राहिलं की डोकं आपटायचं. माझ्यासाठी कुणी काही बांधलंय, ही गोष्टच मला नवी होती.

डोकं दुखायला लागलं ते भट्टी पेटवल्यानंतर. आधी कपाळ जड व्हायचं, मग कानात भुणभुण, मग मळमळ. सकाळी आई मला न्हाणीत न्यायची. न्हाणी परसात, उघडी. तिथं कढत पाण्याचे तांबे अंगावर पडेपर्यंत मी चांगली माणसात यायची, हसायची, आईची थट्टा करायची. मग गुंडाळून मला परत खोलीत आणलं, दार लावलं, की दुपारपर्यंत पुन्हा तेच. हे मी आईला सांगितलं.

"आई, बाहेर आले की बरं वाटतं गं. खोलीतच कसंतरी होतंय."

"बाळंतिणीला कसंतरीच व्हायचं. माझंबी दुखतंय की डोकं. जागरणानं."

"मी ओसरीवर झोपू का?"

"ओसरीवर! वारं लागलं म्हंजे? दात वाजायला लागले म्हंजे? माझी थोरली भण अशानंच गेली. काय बी बोलू नगंस."

आई रात्री माझ्याजवळ निजायची, म्हणून तिचंही डोकं दुखायचं. आम्ही दोघी मायलेकी सुंठ उगाळून कपाळाला लावून बसायचो आणि एकमेकींकडे बघून हसायचो. घरातली सगळ्यात लाडकी कैदी म्हणजे बाळंतीण. तिला हवं ते खायला देतील, हवं ते बोलू देतील, फक्त दाराबाहेर जाऊ देणार नाहीत. पण माझा हट्ट चालूच राहिला, म्हणून आईनं अण्णांना सांगितलं आणि अण्णा धोतर घेऊन आले. त्या पांढऱ्या धोतरापुढं माझं काही चाललं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं. धूर नाही, वास नाही, डाग नाही, मग राहिलं काय?

बारसं दुसऱ्याच दिवशी होतं.

सासरहून माझ्या नणंदबाई आल्या, गजरावन्सं. यांना रजा मिळाली नव्हती आणि सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून सगळ्या सासरच्या वतीनं त्या एकट्याच आल्या आणि चौघींचा आवाज करत आल्या. अंगानं थोराड, हसल्या की ओसरीवरची माणसं वळून बघायची. सासरी माझ्याशी कुणी धड बोललं असेल तर त्या एकट्या. त्यांनी बाळासाठी कुंची आणली होती, जरीची किनार लावलेली.

"नाव काय ठरवलंय वन्सं?" मी विचारलं.

"तुला कशाला सांगू? नाव आत्याचं. आधी बाळाच्या कानात, मग जगाला."

"मी आई आहे तिची."

"म्हणून तर तुला जगात धरलं. न्हाई तर तेवढंबी धरलं नसतं." आणि त्या खदखदून हसल्या. मग एकदम वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय गं, डोळे असे का तुझे? झोप झाली न्हाई?"

"डोकं दुखतंय."

"झोप जरा. पाळणा बांधून झाला की उठवते."

सकाळी अण्णा दारात आले होते. खूश होते. यंदा त्यांनी पहिल्यांदाच दगडी कोळसा आणला होता आणि भट्टी लाकडापेक्षा फार लवकर लाल झाली होती. एरवी निखारा चांगला बसला, वरचा जाळ संपला, की मग ते भट्टीची तोंडं विटांनी बंद करून मातीनं लिंपायचे आणि धुराड्यावरचं झाकण ओढायचे. म्हणजे धग आत कोंडून राहते आणि कौलं सावकाश, चांगली भाजतात. त्या दिवशी त्यांनी ते लवकर केलं. नातीच्या बारशाला भट्टीपुढं कोळसा ओढत बसायचं नव्हतं त्यांना. नवा सदरा घालायचा होता.

"बंद करून टाकली गं," ते म्हणाले. "आता तिचं ती बघंल. आज मी रातच्या बारा वाजेपतूर पाव्हण्यांसंगं." आणि भिंतीवर हात ठेवून बघितला. "चांगली तापलीया. ऊब येतीया न्हवं?"

"येतीय," मी म्हणाले.

त्यानंतर मी झोपले. ती झोप नव्हती, हे मला तेव्हा कळलं जेव्हा मी उठायला गेले. बाहेर बायकांच्या बांगड्या वाजत होत्या, घुगऱ्यांना फोडणी बसली होती, त्याचा वास दाराच्या फटीतून येत होता. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती, छाती भरून दुखत होती. मी हात उचलायला गेले आणि हात उचलला गेला नाही. मला वाटलं, मुंग्या आल्यात. पाय हलवायला गेले. पाय माझे नव्हतेच. मान वळवली तेवढी वळली, सावकाश, आणि मला बाळ दिसलं. इतकी सुंदर ती आधी कधी दिसली नव्हती. गाल गुलाबी, ओठ लालबुंद, पावडर-कुंकू लावल्यासारखी. ती रडत नव्हती. दुधाची वेळ टळली तरी ती रडत नव्हती.

मी हाक मारली. म्हणजे मला वाटलं मी मारली. कानात एवढी भुणभुण होती की माझा आवाज निघाला की नाही हेही मला समजेना. दार हातभर अंतरावर. दारापलीकडे गावातल्या सगळ्या बायका. आणि मी बाजेवर पडून त्यांच्या गप्पा ऐकत होते. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेनं चूल वेगळी केली. मला एक-दोनदा हसूही आलं असेल. भीती फार सावकाश येत होती. तीही माझ्या हातापायांसारखीच जड झाली होती.

दार उघडलं. दोन बायका आत आल्या, शेजारच्या. उघड्या दारातून गार वारं आलं आणि मला ते पाण्यासारखं प्यावंसं वाटलं.

"झोपलीया बाय."

"झोपू दे. बघ गं, लेकरू कसं गुलाबाचं फूल दिसतंय."

"उबेनं. बापानं ठेवलंयच तसं. तीट लाव आधी, दृष्ट लागंल."

एकीनं बोटावर काजळ घेऊन बाळाच्या गालावर तीट लावली. माझे डोळे उघडे होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मायेनं हसली. "जागी हायस व्हय? पड, पड. आमी हाय बाहेर." दोघी गेल्या. जाताना दार नीट ओढून घेतलं, वर एक धडपा फटीत कोंबला, वारं येऊ नये म्हणून.

मला त्या बायकांचा राग आजही येत नाही. तीच तीट मी दुसऱ्याच्या बाळाला लावली असती आणि तेच दार मीही ओढलं असतं.

मग बराच वेळ मला काही आठवत नाही. पुन्हा दार उघडलं तेव्हा आई आणि गजरावन्सं होत्या. आईच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं. ती घाईत होती, कपाळाला आठ्या, तिचंही डोकं दुखतच असणार.

"सरू, ऊठ. पाळणा बांधला."

"राहू द्या की," वन्सं म्हणाल्या. "डोळ्यांवर झोप बघा तिच्या. पाळण्यात घालून नाव ठेवू, मग ओटी भरायला तिला आणू. मी घेते पोरीला."

त्यांनी बाळाला उचललं. कुंची चढवली, दुपट्यात गुंडाळलं. बाळाची मान एका बाजूला पडली, ती त्यांनी हातानं सावरली. "सुस्तावली गं बया. उबेत पडून आळशी झाली अगदी." आणि माझी मुलगी त्या दारातून बाहेर गेली.

त्या वेळी मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते. मला आनंद झाला. मला काहीही माहीत नव्हतं. वायू, विष, असलं काही नाही. पण या खोलीत काहीतरी वाईट आहे आणि ती या खोलीतून बाहेर गेली, एवढं मला कळत होतं. न्हाणीत गेल्यावर माझं डोकं उतरायचं, तसं तिचंही उतरेल. मी पडून ऐकत राहिले. पाळण्याची कडी वाजली. बायकांनी पाळणा म्हटला. मग सगळ्या गप्प झाल्या आणि वन्सं "कुर्रर्र" म्हणाल्या, अगदी लांब, आणि त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे पडल्याचा आवाज आला. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी आमच्याकडची रीत. वन्सं ओरडल्या, "अगं, मारता का काय मला!" नाव जाहीर झालं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि मला ते नाव ऐकू आलं नाही. कान भुणभुणत होते. मी सगळा जीव कानात आणला, तरी नाही.

आणि मग ती रडली.

बारीक, चिरका आवाज. पण रडली. मांजरीच्या पिलासारखी सुरुवात करून मग चांगली सूर लावून. बायका हसल्या. "नाव आवडलं न्हाई वाटतं!" कुणीतरी म्हणालं. मी आत एकटी रडायला लागले. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं. ती जगणार होती. बाहेर थंडीत, वाऱ्यात, त्या सगळ्या बायकांच्या मधे ती जगणार होती, आणि माझं काही का होईना.

"भूक लागली तिला," आईचा आवाज आला. "आणि गारठा किती सुटलाय. आईजवळ द्या गं तिच्या."

दार उघडलं. गजरावन्सं तिला घेऊन आत आल्या.

नको, असं मी म्हणाले. तोंडात, जिभेच्या मुळाशी, सगळ्या अंगानं म्हणाले. ओठ हलले नाहीत. वन्संनी तिला माझ्या कुशीत ठेवलं, माझी चोळी सोडली, तिचं तोंड लावून दिलं. ती ओढत होती. एवढासा जीव, पण ओढत होती. वन्संनी माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं.

"अगं, रडतीस काय? असंच असतंय. नाव ठेवलं की लेकरू आपलं वाटाया लागतं." त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. तो पदर माझ्या बोटांजवळ आला. मला अजून कळत नाही ती शक्ती कुठून आली, पण माझी दोन बोटं मिटली आणि पदराचा काठ त्यांच्यात अडकला. वन्सं उठायला गेल्या आणि अडखळल्या. खाली बघितलं. हसल्या. माझी बोटं एकेक करून हळूच सोडवली.

"आले मी जेवून. पंगत बसलीया. मग बसते तुझ्यापाशी, काय?"

त्यांनी दार लावून घेतलं.

यापुढचं मला थोडंच आठवतं. ती ओढत होती, मग थांबून थांबून ओढत होती. तिचा गाल माझ्या छातीवर होता, गरम, आणि भिंत गरम होती, आणि सगळीकडे ऊबच ऊब होती. बाहेर अण्णा कुणाला तरी आग्रह करत होते, "अजून एक लाडू, माझ्या नातीच्या नावानं." मी मोजायला लागले होते, तिनं किती वेळा ओढलं ते. पण आकडे माझ्या डोक्यात राहत नव्हते.

शुद्धीवर आले ती तालुक्याच्या दवाखान्यात. नाकाला नळी होती. आई कोपऱ्यात बसली होती आणि तिच्या मांडीवर काही नव्हतं. अण्णा खाटेच्या पायथ्याशी उभे होते, नव्या सदऱ्यात. डॉक्टर तरुण होते, बोलताना त्यांना त्रास होत होता.

"कोळसा कोंडला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्ही धुराडं बंद केलंत. त्याला वर जायला वाट राहिली नाही, मग तो भिंतीतून आला."

"भिंतीला भेग न्हाई," अण्णा म्हणाले.

"भेग लागत नाही त्याला."

"मी धोतर लावून बघितलंया. डाग न्हाई. सुईएवढा डाग न्हाई. पायजे तर दावतो."

"काजळी मातीत अडकते. भिंत धूर गाळून घेते. पण हा वायू गाळला जात नाही. वीट तापली, आत दाब वाढला, की सगळ्या भिंतीतून तो झिरपतो. अख्ख्या भिंतीतून." डॉक्टरांनी माझी नळी नीट केली. "धूर आला असता तर बरं झालं असतं. तुम्हाला कळलं तरी असतं."

अण्णांना हे पटलं नव्हतं, एवढं मला दिसत होतं. त्यांचं एक बोट सदऱ्याच्या काठाशी सारखं चाळा करत होतं.

आठवडाभरानं मला घरी आणलं. मी ओसरीवर पडायची, उघड्यावर, आणि आता मला कुणी आत जा म्हणत नव्हतं. भट्टी गार झाली होती. दोन माणसांनी ती उघडली आणि कौलं बाहेर काढली. इतकी चांगली भाजणी आमच्याकडे कधी उतरली नव्हती. एकही वाकडं नाही, एकही कच्चं नाही, टिचकी मारली की घंटेसारखं वाजायचं. ती माणसं कौलं रचताना अण्णांकडे बघत नव्हती.

अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. हातात एक काळं मडकं होतं. सुगडासारखं छोटं, दह्याला वापरतात तसलं. ती काळी मडकी अण्णा लग्नाआधीपासून करायचे. आव्यात शेवटी ओला पाला आणि शेण टाकायचं, वरून सगळं दडपून टाकायचं, म्हणजे धूर कोंडतो आणि तांबडं मडकं काळं होतं. अण्णांनी मडकं ओसरीच्या कडेवर आपटलं. त्याची दोन खापरं झाली. त्यांनी एक उचलून माझ्यासमोर धरलं, जसं धोतर धरलं होतं तसं.

"बघ," ते म्हणाले. "मधी बघ."

खापर वरून काळं होतं, खालून काळं होतं आणि मोडलेल्या कडेला, मधोमध, मातीच्या पोटातही काळंच होतं.

"वरनं रंग दिल्यावाणी न्हाई हे. आरपार हाय. धूर मातीतनं आरपार गेल्याबिगर असं हुईल का? तांबड्या विस्तवात माती उघडी पडती, सगळं आत घेती. माझा बाप मला हे शिकवून गेला. जल्मभर करतोय मी." त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "मला ठावं हुतं गं, सरू. डाक्तरला न्हवतं ठावं तेवढं मला ठावं हुतं. पर मडक्याचं ठावं हुतं. भिंतीचं न्हाई आलं ध्यानात. भिंत बी मडकंच की. त्याच मातीची."

मला त्यांचा राग आला होता. इतका की ते खापर घेऊन त्यांच्या अंगावर फेकावं. आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम, आणि दोन्हींतलं काहीच मी केलं नाही. त्यांनी मला ऊब दिली होती. आयुष्यात कुणी दिली नव्हती एवढी. त्याला मी काय म्हणणार होते?

"तिला कुठं ठेवलं?" मी एवढंच विचारलं.

"मळीत," ते म्हणाले. "मीच ठेवलं."

त्यांनी कौलं करायचं सोडलं. भट्टी पाडलीही नाही आणि पेटवलीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, कोळसा महाग झालाय.

आणि तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही. आईला मी एकदा विचारलं, "काय नाव ठेवलं होतं गं?" आईनं पदर तोंडात धरला आणि परसात निघून गेली. पुन्हा तिला विचारायची हिंमत मला झाली नाही. बारशाला आलेल्या साऱ्या बायकांनी ते ऐकलं होतं, पाळणा हलवताना म्हटलंही होतं. पण माझ्यापुढं त्यांच्या तोंडून ते निघेना. सासरी गेल्यावर गजरावन्सं माझ्यापुढं कमी यायच्या. मोठ्यानं हसणं त्यांनी जवळजवळ सोडलंच. एकदा चुलीपाशी आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, तर म्हणाल्या, "नको गं आता, वहिनी," आणि भाकरी करपली तरी उलटायची राहिली. ज्या नावानं तिला हाक मारायची, ते नाव सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त मला सोडून.

चार-पाच वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. या वेळी मी माहेरी गेले नाही. अण्णांनी निरोपही पाठवला नाही, त्यांना कळत होतं. बाळंतपण सासरी झालं, वरच्या मजल्यावर, दोन खिडक्या उघड्या टाकून. सासूबाई वारं लागेल म्हणून ओरडत राहिल्या आणि मी खिडकी लावू दिली नाही. मुलगा झाला. गुलाबी नव्हता, चांगला सावळा, काटकुळा, सारखा रडणारा. तो रडला की मला बरं वाटायचं. गप्प झाला की मी त्याला टोचून उठवायची.

बारशाला मी कुणाच्या हाती त्याला दिलं नाही. पाळण्याशी मीच बसले, त्याला मांडीवर घेऊन. बायका जमल्या, पाळणा म्हणून झाला. गजरावन्संना पुढं बोलावलं. त्या आल्या, गुडघ्यांवर बसल्या. केस पिकायला लागले होते. त्यांनी बाळाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळ्या गप्प झाल्या. वन्संचं तोंड बाळाच्या कानाशी गेलं आणि तिथंच थांबलं.

मग त्या जराशा उठल्या, पुढं सरकल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या. त्यांचा श्वास मला लागला. आधी "कुर्रर्र" म्हणाल्या, अगदी हळू, तान्ह्या बाळाच्या कानात म्हणतात तसं.

"शालन," त्या म्हणाल्या. "शालन ठेवलं होतं."

"अगं बाई, चुकली की आत्या! बाळाच्या कानात सांग, आईच्या न्हवं!" मागून कुणीतरी ओरडलं. बायका हसल्या आणि सगळ्यांनी मिळून वन्संच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. वन्संनी एकदाही त्यांना थांबवलं नाही. धपाटे खात, माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्या तशाच वाकून राहिल्या.